परातीखालच्या चाळण्या

पेटी रिकामी होती.

हौसाने बाणाची कळ दाबत पुन्हा 'वाटा' या नावावर खूण आणली आणि पेटी उघडली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली : 'या पेटीत एकही निरोप नाही.'

आता पोरांनो, हे व्हावं तरी कसं? खोलवाडीची गाडी बाहेर निघाली की कुठून जाणार आणि कुठे थांबणार, हे कळवायचं, हा पहिल्यापासूनचा दंडक. तो निरोप इथे यायचा, वाचला जायचा आणि कळ दाबून जतन व्हायचा. रोज व्हायचा. मग पेटीत ठणठणाट का? जात्यात मुठीमागून मूठ दाणे घालावेत आणि भोवतीच्या पाळीत चिमूटभर पीठ दिसू नये, तसलाच हा प्रकार.

खोलवाडी म्हणजे मंगळावरची वस्ती. मंगळ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काचेचे घुमट येत असतील. ते चित्रातले. खोलवाडी होती कातळाच्या पोटात, उंदरांच्या बिळासारखी. वर धुळीचं वादळ सुरू झालं होतं आणि ते हटायचं नाव घेत नव्हतं. उजेड पोचला नाही तर सौरपत्रे (उजेडापासून वीज करणारे पत्रे) नुसतेच पत्रे. वीज वाटून मिळत होती. आधी हवेच्या पंपाला, मग उबेला, मग सैपाकाला, आणि उरलीसुरली टपालाच्या यंत्राला.

ते यंत्रही काही देखणं नव्हतं. चित्रं नाहीत, रंग नाहीत, बोट लावायचा पडदा नाही. फक्त अक्षरं. पण अक्षरांना वीज कमी लागते आणि आभाळातून यायलाही ती हलकी असतात. वादळात सगळी नखरेल यंत्रं मिटली, हे कुरूप तेवढं जागं राहिलं.

हौसाची आई केतकी आणि मारुती हे दोघं गाडी घेऊन बर्फतळावर गेले होते. तिथे जमिनीखालचा बर्फ कापायचा, इथे आणायचा, वितळवून प्यायचा. परत निघाले आणि वादळ उठलं. तेव्हापासून दोघांचा आवाज नाही. बर्फतळाचाही नाही, तिथला निरोपांचा खांब कोसळला असावा.

यायच्या वाटा दोन, आणि प्रत्येकीवर एक निवारा. एक दरीत, एक कड्याखाली, एकमेकांच्या अगदी उलट दिशांना. वाडीत दुसरी गाडी होती, पण तिच्या बॅटरीत एकच खेप जमणार होती. चुकीच्या निवाऱ्यावर गेली, तर परत येऊन दुसऱ्याकडे जायला वीज नाही. आणि अंगावरच्या नळकांड्यातली हवा कुणाची वाट बघत बसत नाही.

म्हणून तो निरोप हवा होता.

"आजोबा, पेटी रिकामी आहे," हौसा म्हणाली.

नरहरआजोबा यंत्राशेजारी भिंग घेऊन बसले होते. मोठे शास्त्रज्ञ. हा टपालाचा कारभार त्यांनीच उभा केलेला. डोळ्यांत मोतीबिंदू झालेला, तरी निरोप वाचायचं काम सोडत नव्हते.

"रिकामी कशी असेल? मी स्वतः जतन केलंय. रोज करतो."

"मग कुठे गेले?"

"सगळ्या पेट्या उघडून बघ."

हौसाने बघितल्या. 'हवा' रिकामी. 'पाणी' रिकामी. 'संडास' रिकामी. एकच पेटी भरलेली निघाली, तिच्यावर नाव होतं 'दाजीसाहेब'. हौसा ती उघडायला गेली आणि पडदा गोठला. खाली एक ओळ आली, 'निरोप मोजत आहे', आणि तिथेच थांबली. यंत्राचं पोट लहान आणि पेटीत वाडी वसल्यापासूनचं सगळं कोंबलेलं. ते मोजता मोजता कोपऱ्यातला बॅटरीचा आकडा भराभर खाली येऊ लागला. आजोबांनी घाईने यंत्र बंद केलं.

"संपेल गं! पुन्हा त्या पेटीला हात लावू नकोस."

"पण आजोबा, सगळं दाजीसाहेबांच्या पेटीत का पडलं?"

आजोबांनी भिंग खाली ठेवलं आणि ते पुसायला लागले. शिकलेली माणसं उत्तर द्यायचं नसलं की चष्मा पुसतात. यांनी भिंग पुसलं.

दाजीसाहेब म्हणजे वाडीचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता. वाडी त्यांनीच वसवली, पहिला कातळ त्यांनीच फोडला. पण मानाला हपापलेला. पंगतीत पहिलं ताट त्यांचं. नळकांडी भरायची तर पहिलं त्यांचं, ते बाहेर जाणार नसले तरी. कुठलीही पाटी लिहा, वर नाव त्यांचं. पृथ्वीवरून येताना माणसांनी सामान कमी आणावं म्हणून किलो किलो तोलून घेतलं होतं, पण मानपान कुणी तोलला नाही. तो तसाच आला.

"आजोबा, सांगा ना!"

"सांगतो. आधी हे बघ." आजोबांनी यंत्र पुन्हा सुरू केलं आणि एक धारिका उघडली. "ही नियमांची धारिका (यंत्राने कसं वागायचं ते लिहून ठेवण्याची जागा). निरोप वाचून झाला की आपण जतनाची कळ दाबतो. तेव्हा यंत्र ही धारिका वाचतं, त्या निरोपाला कुठली पेटी योग्य ते ठरवतं आणि पडद्याच्या तळाशी विचारतं, 'अमुक पेटीत ठेवू?' आपण 'हो'ची कळ दाबतो."

"तुम्ही तळाची ओळ वाचत होतात?"

"तेवढ्या बारीक ओळीला भिंग कोण लावतं? बोटाला सवय झाली होती. जतन, हो. जतन, हो."

हौसा वाचू लागली. धारिकेत असं लिहिलं होतं :

कोणताही निरोप : दाजीसाहेब
मथळ्यात 'हवा' : हवा
मथळ्यात 'पाणी' : पाणी
मथळ्यात 'वाट' : वाटा
मथळ्यात 'संडास' : संडास

"मथळा म्हणजे निरोपाच्या कपाळावरची ओळ, आत काय आहे ते थोडक्यात सांगणारी," आजोबा म्हणाले.

"ते माहितेय. पण ही पहिली ओळ? कोणताही निरोप?"

"ती मी सगळ्यात खाली लिहिली होती. जो निरोप कुठल्याच पेटीत बसणार नाही, तो वाडीच्या प्रमुखाकडे जावा म्हणून. मग पहिल्याच दिवशी दाजीसाहेब बघायला आले. आपलं नाव शेवटी दिसलं त्यांना, आणि तेही संडासाच्या खाली. असे कडाडले! म्हणाले, 'नरहरपंत, मी संडासाच्या खाली?' मी नेऊन वर ठेवलं. म्हटलं, नाव वर असलं काय, खाली असलं काय..."

"फरक पडतो?"

"पडतो. मला ठाऊक होतं. पण तेव्हा वाद नको वाटला."

हौसाने कळफलक आपल्याकडे ओढला. मग म्हणाली, "आधी खात्री करून बघू. मी एक खोटा निरोप पाठवते."

तिने स्वतःलाच निरोप लिहिला. मथळा दिला 'वाट चाचणी'. निरोप आला. तिने जतनाची कळ दाबली आणि नाक पडद्याला लावून तळाची ओळ वाचली : ''दाजीसाहेब' पेटीत ठेवू?'

"मथळ्यात 'वाट' आहे, तरी हे दाजीसाहेबच म्हणतंय! म्हणजे यंत्र वरून वाचत येतं. पहिला नियम जुळला की तिथेच थांबतं. पुढचं वाचतच नाही!"

"बरोबर."

"म्हणजे आजोबा, सैपाकघरातल्या चाळण्याच की!" हौसा उठून उभी राहिली. "भागाकाकू नाचणी चाळते ना, तेव्हा चाळणीवर चाळणी ठेवते. वरच्या चाळणीत खडे अडकतात, मधल्या चाळणीत भरड, आणि सगळ्यात खाली परात. जे कुठेच अडकलं नाही ते परातीत. तुम्ही परात उचलून सगळ्यात वर ठेवलीत! परातीला भोकं असतात का? खाली काय पडणार?"

असं आहे. एवढ्या एका गोष्टीत सगळं शास्त्र आलं. जो नियम थोडक्यांना धरतो तो वर, आणि जो सगळ्यांना धरतो तो शेवटी. पोरीला ते चाळणीत दिसलं. आजोबांनाही दिसत होतं, पण त्यांच्या कानात दाजीसाहेबांचं कडाडणं अजून होतं.

"मग आता परात खाली ठेवू आणि पुन्हा चाळू," हौसा म्हणाली.

"जे पेटीत गेलं ते गेलं. ती पेटी उघडत नाही."

"दुसरीकडे कुठे नाहीत का ते निरोप?"

आजोबांचे डोळे एकदम वर गेले. "निरोप्या!"

निरोप्या म्हणजे मंगळाभोवती फिरणारा उपग्रह. सगळे निरोप त्याच्यातून यायचे आणि अलीकडच्या निरोपांची नक्कल त्याच्या पोटात काही काळ राहायची. तो डोक्यावर आला की मागितलं तर सगळं पुन्हा ओतायचा. सगळंच. 'केतकीचा तेवढा दे' असं म्हणायची सोय नव्हती, तो एवढा हुशार नव्हता. निरोप इतके धो धो यायचे की डोळ्यांनी वाचणं अशक्य. पण नियम नीट असतील, तर 'लागोपाठ जतन' सुरू करायचं, यंत्र स्वतःच एकेक निरोप ज्याच्या त्याच्या पेटीत टाकतं. वाटांच्या छोट्या पेटीत मग थोडेच निरोप असणार. ती लगेच उघडणार.

"मी एक नियम लिहू?" हौसा म्हणाली. "पाठवणारी केतकी असेल तर..."

"चालणार नाही. बर्फतळावर एकच यंत्र. कुणीही लिहिलं तरी पाठवणाऱ्याच्या जागी 'बर्फतळ' असंच येतं. गाडीतून लिहिलं तर 'गाडी'. माणसाचं नाव आत असतं, कपाळावर नाही."

"मग मथळ्यातली 'वाट'च धरायची."

"तीच. निरोप्या आता डोक्यावर येईल. पण नियम बदलायला दाजीसाहेबांचा अंगठा लागतो. धारिकेला कुलूप त्यांचं आहे."

दाजीसाहेब आले. मागून भागाबाई आली, हौसाची भागाकाकू, मारुतीची बायको. अंगावर बाहेरचा पोशाख, हातात टोप (डोक्याला लावायचा हवाबंद गोल). दुसरी गाडी तीच चालवणार होती.

"कुठला निवारा ते सांगा, मी निघते," ती म्हणाली.

"दरीचा," दाजीसाहेब म्हणाले. "केतकी नेहमी दरीतच थांबते. निघा तुम्ही."

"नेहमी थांबते म्हणून आज थांबली असेल कशावरून?" हौसा म्हणाली. "दाजीसाहेब, इथे अंगठा लावा. तुमची ओळ खाली न्यायची आहे."

"काय म्हणालीस?"

"तुमचं नाव खाली न्यायचंय. सगळ्यात खाली."

"नरहरपंत, ही पोर काय बोलते? या वाडीत माझं नाव कुणी खाली नेलेलं नाही!"

"अहो, नावाचा प्रश्न नाही..." आजोबा पुटपुटले.

"नावाचाच आहे! आज यंत्रात खाली, उद्या पंगतीत खाली. मग या वाडीत कुणी कुणाचं ऐकायचं? वादळात वाडी शिस्तीवर जगते, नरहरपंत, अक्षरांवर नाही!"

हौसाने परातीचं सांगितलं, चाळणीचं सांगितलं. दाजीसाहेब म्हणाले, सैपाकघरातलं मला शिकवू नकोस. आजोबांनी समजावलं. दाजीसाहेब म्हणाले, तुम्हीच तर नाव वर ठेवलंत, तेव्हा का नाही बोललात? बोलण्यात बोलणं वाढलं आणि यंत्राने एक बारीक शीळ दिली. पडद्यावर ओळ आली : 'निरोप्या क्षितिजाखाली गेला.'

फेरी हुकली.

मग भागाबाईने टोप खाली ठेवला आणि ती दाजीसाहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"दाजीसाहेब, आजवर तुमचं ताट मी पहिलं वाढलं. तुमचं नळकांडं मी पहिलं भरलं. माझा माणूस तिकडे धुळीत पडलाय. तुमचं नाव कपाळावर गोंदून घेते हवं तर, पण आता अंगठा लावा. नाहीतर तो अंगठा कसा लावायचा ते मी बघते."

दाजीसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्या पोरीकडे पाहिलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि तेच त्यांना बघवेना. त्यांनी अंगठा लावला.

हौसाने पहिली ओळ उचलली आणि शेवटी नेली. 'संडास'च्या खाली. पुन्हा 'वाट चाचणी' पाठवली, पुन्हा तळाची ओळ वाचली : ''वाटा' पेटीत ठेवू?' मग ते सगळे बसले. निरोप्याला मंगळाला वळसा घालून यायचं होतं आणि त्याला घाई करायला सांगणारं कुणी नव्हतं. पंपाचा आवाज तेवढा येत होता. भागाबाई पोशाखाची एकच कडी लावत होती, काढत होती.

निरोप्या आला. पडद्यावरून ओळी धावू लागल्या, मुंग्यांची रांग फुटावी तशा. 'हवा' भरू लागली, 'पाणी' भरू लागली. ओळी थांबल्या तेव्हा बॅटरीत शेवटची धुगधुगी होती. हौसाने 'वाटा' उघडली.

पेटी लगेच उघडली. यंत्र जुने निरोप वर दाखवतं, नवे खाली. हौसा वरून वाचत आली. शेवटाकडे सापडला : 'वाट. केतकी आणि मारुती. दरीच्या निवाऱ्यात थांबू.'

"मी काय म्हणत होतो?" दाजीसाहेब म्हणाले.

भागाबाईने टोप उचलला. ती दारापर्यंत गेलीही.

"काकू, थांब! खाली अजून एक आहे!"

तो गाडीतून आलेला होता. 'वाट बदलली. दरी धुळीने भरली आहे. कड्याखालच्या निवाऱ्याकडे वळतो. मारुतीभाऊंच्या टोपाला तडा गेला, त्यांची हवा गळते. लवकर या. केतकी.'

हा निरोप वादळ उठतानाच्या धांदलीत, सगळ्या तळांवरून एकदम निरोप येत होते तेव्हा आला होता आणि न वाचताच पेटीत गेला होता. जतन, हो. जतन, हो. आजोबांनी तोंड फिरवलं. पडदा विझला.

भागाबाई मागे वळून न बघता गेली.

गाडी परत आली तेव्हा तिच्यात केतकी होती. पायाची बोटं थंडीने काळी पडली होती. ती पुढे कापावी लागली. हौसाला तिने जवळ घेतलं. मारुतीही गाडीत होता. भागाबाईने त्याला आपल्या शालीत गुंडाळून आणलं होतं. चेहऱ्यावरची धूळ तिने वाटेतच पुसली असणार, कारण त्याचा चेहरा स्वच्छ होता.

फेरी हुकली नसती तर तो जगला असता का? नळकांड्यात किती हवा उरली होती आणि ती कधी संपली, हे केतकी सांगू शकली असती. तिला कुणी विचारलं नाही. दाजीसाहेबांनीही विचारलं नाही. पण पंगतीत त्यांचं ताट पहिलं वाढलं, तर ते तसंच ठेवून उठून जायला लागले. मग त्यांचं ताट शेवटी जाऊ लागलं.

वादळ जरा विरळ झालं. पत्र्यांना थोडा उजेड मिळू लागला. हौसा यंत्र सुरू करायला आली तर दाजीसाहेब आधीच तिथे बसलेले.

"तू ती परात खाली ठेवलीस ना," ते म्हणाले, "तिच्यात काही पडलं का?"

"पडलं असेल. जे कुणाच्या चाळणीत अडकलं नाही ते सगळं तुमच्याकडे येतं. ते तुम्हालाच वाचावं लागणार आता. दुसरं कुणी वाचणार नाही."

"दाखव मला. कळ कुठली?"

तिने कळ दाखवली. जुनी भरलेली पेटी हौसाने निरोप्या यायच्या आधीच न उघडता, नाव बदलून बाजूला ठेवली होती; आता या पेटीत थोडेच निरोप होते आणि ती लगेच उघडली. दाजीसाहेब एकेक वाचू लागले, ओळीवर बोट ठेवून, तळाच्या ओळीसकट. एका निरोपाला मथळाच नव्हता. मारुतीला मथळा लिहायचा कंटाळा होता, सगळ्या वाडीला ठाऊक होतं. बर्फतळावरून निघायच्या आधी त्याने तो लिहिला होता आणि मथळा नाही म्हणून तो 'वाटा'त, 'पाण्या'त, कशातच अडकला नव्हता :

'आमच्या घरी सांगा, माझ्या वाफ्यातली मेथी खुडायला आली असेल. तिला पाणी घालायला विसरू नका. मी आलो की भाजी करू. मारुती.'

दाजीसाहेबांनी तो दोनदा वाचला. जतनाची कळ दाबायला गेलेलं बोट मागे घेतलं. मग उठले, पाण्याच्या वाटपाच्या जागी जाऊन रांगेच्या शेवटी उभे राहिले आणि आपल्या वाटणीचं तांब्याभर पाणी घेऊन भागाबाईच्या वाफ्याकडे गेले. मेथी कोमेजून आडवी झाली होती. मुळं जिवंत होती.

भागाबाई दारात आली. "काय करताय, दाजीसाहेब?"

"तुमच्यासाठी निरोप आहे," ते म्हणाले. "उशिरा पोचवतोय."

हौसा तिकडे यंत्रापाशीच होती. तिने नियमांची धारिका उघडली आणि परातीच्या वर एक नवी चाळणी लिहिली :

मथळा नसलेला निरोप : घर

त्या पेटीकडे आता आधी बघायचं, असं तिने ठरवलं. मग तिने स्वतःलाच मथळा नसलेला एक निरोप पाठवला, जतनाची कळ दाबली आणि तळाची ओळ नीट वाचून, मगच 'हो' म्हटलं.